चार बेअरिंगांची फळी

५ जानेवारी १९५८, रविवार

फळी मिळाली! सागाची, जुन्या दाराची. दत्तोबा सुताराने कशाला हवी म्हणून विचारलं. भिमाजीसाठी, म्हटलं. लगेच रंधा मारून दिला.

भिमाजी दवाखान्यातून आला त्याला आज तीन आठवडे. आमच्या कारखान्यातल्या अपघातानंतर दोन्ही पाय गुडघ्यांच्या वर कापलेले. आमच्या शेजारचीच खोली, मध्ये एक भिंत. सकाळी रतनबाई त्याला उचलून दारात बसवते, ऊन तापलं की उचलून आत नेते. कुरुळीच्या तालमीतला गडी — बायकोच्या कडेवर! ती उचलते तेव्हा तो डोळे मिटून घेतो. मी पाहिलं.

त्याला चाकांची फळी करून द्यायची. बसून हातांनी रेटता येईल अशी.

८ जानेवारी

मुंबई रस्त्यावरच्या गॅरेजातून चाकांसाठी चार बेअरिंग आणली. लॉरीची, टाकून दिलेली. गंजून धरलीत, फिरत नाहीत. रॉकेलमध्ये भिजत घातली.

सुमन म्हणाली, "एवढं तर तुम्ही सख्ख्या भावासाठी केलं नसतं." मी बेअरिंग पुसत राहिलो.

१२ जानेवारी, रविवार

फसलं. फळी सरळ जाते, वळत नाही! भिमाजी बसला, दोन हात मारले आणि थेट गटारात. मी धावत जाऊन उचलला. कोपर सोललेलं. आणि हा हसतोय —

"जोतीभाऊ, ह्यो बैल लई वढाळ हाय. येसन घाला त्याला!"

कारखान्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसला. रतनबाई पदर तोंडाशी धरून आत गेली. मला हसता आलं नाही.

१३ जानेवारी

लिहूनच टाकतो. इथे नाही तर कुठे लिहिणार?

चौदा नोव्हेंबरला साखळी तुटली नव्हती. साखळी मी बांधली होती. यंत्राचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, धड वर उचलायचं होतं. साखळीचे दोन वेढे द्यायचे असतात. मी एकच दिला. चहाची वेळ झाली होती. बस, एवढंच कारण — चहा! खाली ठोकळे सरकव, असंही भिमाजीला मीच सांगितलं. तो वाकला आणि धड निसटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी खोलीत बोलावलं. कारकुनाने कागद पुढे केला. लिहिलेलं होतं — कामगार सूचना न पाळता भाराखाली गेला. साहेब म्हणाले, "ज्योतीराम, तुमचं बरं चाललंय. बिघडवून घेऊ नका."

मी सही केली. भिमाजी तेव्हा पुण्याला बेशुद्ध पडला होता. शुद्धीवर आल्यावर कुणीतरी त्याला सांगितलं, साखळी तुटली. तो तेच धरून आहे. आणि मी फळी करतोय.

१९ जानेवारी, रविवार

जमलं! पुढची दोन चाकं फळीला पक्की करायचीच नाहीत. एका आडव्या दांड्यावर बसवून तो दांडा एका बोल्टवर डुलता ठेवायचा. बोल्ट सरळ नको, तिरका. मध्ये टायरच्या रबराचा जाड तुकडा. अंग डावीकडे झुकवलं की चाकं आपोआप डावीकडे वळतात, अंग सरळ केलं की रबर त्यांना जागेवर आणतं. तीनदा भोक चुकलं, चौथ्यांदा बसलं. हातात धरायला लाकडाचे दोन ठोकळे केले, त्यांच्याही खाली रबर. कमरेला पट्टा.

मी स्वतः मांडी घालून बसलो, चाळीच्या अंगणात दोन फेऱ्या मारल्या. पायांना मुंग्या आल्या. मग उठून उभा राहिलो.

किती सहज उभा राहिलो!

२६ जानेवारी, रविवार

भिमाजी नदीवर जाऊन आला. एकटा! जाताना सगळी चाळ बाहेर येऊन बघत होती. परत आला तो घामाने निथळत, तळहात लाल. म्हणाला, "दोन म्हयनं मला कुनी इचारलं न्हाई, कुठं जायाचं म्हनून. उचलायचं नि ठेवायचं. आज वाटलं तितं वळलो."

मग जवळ बोलावून हळूच म्हणाला, "पाय गेलं. हात हायत की. कानशीचं काम बसून व्हतंय. सायबाला इचारू. तुमी संगट चला, तुमचा सबूद चालतो तितं."

हो म्हटलं. काय म्हणणार?

३० जानेवारी

आज नको, साहेब कामात आहेत — असं सांगितलं. साहेब रिकामेच होते.

२ फेब्रुवारी, रविवार

रतनबाई सुमनकडे आली होती. मला ऐकू जाईल अशी बोलली. "रोज सकाळी सदरा घालून बसत्यात. भाऊ कवा नेतील म्हनून."

४ फेब्रुवारी

नेलं.

साहेब फाटकाशीच भेटले. फळी पाहून खूश! भिमाजीला वळून दाखवायला सांगितलं, त्यानेही दाखवलं — डावीकडे, उजवीकडे, गोल फिरून. मग त्याने कामाचं काढलं. साहेबांचा चेहरा बदलला.

"हे बघ, निष्काळजी माणसाला परत कसं घेणार?"

"साखळी तुटली सायेब. माजी काय चूक?"

"साखळी धड आहे. तू भाराखाली गेलास. कागद आहे ऑफिसात. ज्योतीरामांची सही आहे त्यावर. हे काय, शेजारीच उभे आहेत. विचार."

भिमाजीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खालून.

"जोतीभाऊ? साखळी कुनी बांधली व्हती?"

मी डोक्यावरची टोपी सारखी करत राहिलो. साहेब समोर होते.

त्याने ठोकळे उचलले. अंग झुकवलं, वळला, फाटकाच्या उतारावरून सुटला. मी हाका मारत मागे पळालो. फळी सुसाट गेली. मीच इतकी चांगली केली होती! पळून पळून दम लागला, गाठू शकलो नाही.

५ फेब्रुवारी

फळी आमच्या दाराला उभी करून ठेवलीय. रतनबाईने त्याला पुन्हा उचलून बाहेर आणलं. आज तोंड दुसरीकडे करून बसवलं.

७ फेब्रुवारी

भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सुमनला सांगितलं. सगळं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "तो कागद होता ना? मग तुम्ही दुसरा लिहा."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. साताऱ्याला माझे भाऊ काही हाकलून देणार नाहीत. पण त्या बाईसमोर पाणी भरायला मी रोज कोणत्या तोंडाने उभी राहू?"

१० फेब्रुवारी

दिला. एक साहेबांना, एक नक्कल पुण्याला, कारखाने तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकांच्या कचेरीत. साखळी मी बांधली, वेढा एकच दिला, भिमाजीला खाली मी पाठवलं, खोट्या कागदावर सही मी केली. दुपारच्या आत फाटकाबाहेर होतो. चौदा वर्षं!

तसाच भिमाजीकडे गेलो. फळी घेऊन. उंबऱ्याशी बसलो आणि बोललो. तो भिंतीकडे बघत होता.

"येकच येढा?"

"एकच."

"कशापायी?"

"चहाची वेळ झाली होती."

रतनबाई चुलीपाशी होती. तिचा हात थांबला. भिमाजीने डोळे मिटले — ती उचलते तेव्हा मिटतो तसे. मग म्हणाला, "जावा आता."

फळी तिथेच ठेवून आलो.

२० फेब्रुवारी

निरीक्षक येऊन गेले. मला बोलावलं होतं. विचारलं ते सगळं सांगितलं. भिमाजीलाही बोलावलं होतं, फळीवरून आला. माझ्याकडे पाहिलं नाही.

सुमनने भांडी बांधायला काढलीत.

३ मार्च, सोमवार

भिमाजी आजपासून कामावर. रतनबाईने नळावर सुमनला सांगितलं. कानशीचं माझंच टेबल दिलंय त्याला. उंच पडत होतं, म्हणून टेबलाचे पाय कापून घेतले.