मागच्या डाव्या चाकाचे सतरा खटके

प्रिय भोवऱ्या,

आधी वस्तुस्थिती सांगते, घडली त्या क्रमाने. पान उलटून शेवट आधी वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे. या वेळी ती आवर.

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी सव्वानऊला मी आपल्या शर्यतीच्या गाडीवरचं आच्छादन काढलं. बुधवारी चारही चाकं उतरवली. गुरुवारी दुपारपर्यंत जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर बाहेर काढून, पुसून, बाकावर ओळीने मांडले. शुक्रवारी त्यांच्या जागी नवे कॉइलओव्हर बसवले. शॉक आणि स्प्रिंग एकाच नळीवर, नळीला बाहेरून आटे. आट्यांवरचं कडं फिरवलं की गाडी त्या चाकापाशी हवी तेवढी उचलता किंवा बसवता येते, आणि माथ्यावरच्या बटणाने शॉकचा कडकपणा एकेका खटक्याने कमीजास्त करता येतो. शनिवारी गाडी चार वजनकाट्यांवर उभी केली, प्रत्येक चाकाखाली एक. त्याला आज सहा दिवस झाले. गाडी तिथेच उभी आहे, मी तिच्याभोवती फिरते आहे, आणि काम एक आटासुद्धा पुढे सरकलेलं नाही.

सहा दिवसांत मी काय केलं, असं तू विचारशील. मी पुढचं उजवं कडं अर्धा फेरा वर घेतलं आणि अर्धा फेरा खाली घेतलं. मग हात धुतले. मग पुन्हा वर घेतलं. आपला लेथवाला वरच्या जोडात बसणारं बुश, ती छोटी धातूची नळी, द्यायला आला होता. पहिलं बुश पाव मिलिमीटर जाड निघालं म्हणून मी परत पाठवलं होतं. या वेळचं अचूक होतं. मी मापलं, पुन्हा मापलं, आणि त्याच्याकडे न बघता कड्याकडे वळले. तो दारातच उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, “बाई, घेरी आणाल तुम्ही त्या कड्याला. देवानेसुद्धा माणूस इतका मापात घडवला नाही हो.” एरवी मी त्याला सुनावलं असतं, की म्हणूनच माणसं अशी निपजतात. या वेळी मी कडं पुन्हा अर्धा फेरा खाली घेतलं. तो घाबरला बहुतेक. जाताना चहा नको म्हणाला, आणि हा माणूस चहाला नको म्हणतो हे मी वीस वर्षांत प्रथम ऐकलं.

नव्या कॉइलओव्हरची टूम दातांच्या डॉक्टरांची. तुझ्यानंतर शर्यत मंडळाने त्यांना आपली गाडी चालवायला सुचवलं. सद्गृहस्थ वळण असं घेतात, जणू समोरच्याची दाढ दुखते आहे. चार फेऱ्या मारून उतरले आणि म्हणाले, गाडी फार मऊ आहे. मला पटलं नाही. तरीही मी मागवले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. हे वाक्य खरं आहे, म्हणून लिहिते. एरवी लिहिण्यासारखं नाही.

तुझ्या बायकोचा फोन येतो, हे तुला माहीत असावं. तू शिकाऊ लोकांना गाडी शिकवतोस, ती दोन ब्रेकवाली, छपरावर पाटी लावलेली, हे तिनेच सांगितलं. तेव्हा मी जे बोलले ते तिने तुझ्या कानावर घातलं नसेल, तर ती माझ्या कल्पनेपेक्षा शहाणी आहे. परवा ती सहज म्हणाली, “ताई, तो कुणावर ओरडत नाही हो. गाडी कितीही आचके देऊ दे, आधी विचारतो, तुला काय जाणवलं ते सांग.” मी फोन ठेवला. शिष्टाचार म्हणून निरोपाचे दोन शब्द बोलावे लागतात, तेही बोलले नाही. तिला सांग, राग तिच्यावर नव्हता.

तुला आठवतं का, शाळेत जाताना तुझ्या बुटांच्या नाड्यांची दोन्ही टोकं सारखी येईपर्यंत मी तुला दारातून सोडत नसे. आई-बाबा गेल्यानंतरचं ते पहिलं वर्ष. तू आठ वर्षांचा, मी एकोणीसची. मी खाली बसून नाड्या बांधायची आणि तू मोकळ्या पायावर गिरक्या घ्यायचास, म्हणून भोवरा. नाडी सुटायची, मी पुन्हा बांधायची. आपल्याला रोज उशीर व्हायचा, आणि रोज मी तुलाच बोलायची. हे नाव मी लाडाने ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी, शर्यतीच्या दिवशी, टायरांच्या भिंतीला लागलेल्या गाडीतून तुला बाहेर काढत होते, तू मोडलेला खांदा धरून उभा होतास, आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, “नावच भोवरा, दुसरं काय होणार?” लोक हसले. तूही हसलास. ते हसू मला अजून दिसतं.

आता त्या दिवसाच्या आधीचं. तू मला तीनदा सांगितलं होतंस. पहिल्यांदा सरावात: “ताई, उजव्या वळणात ही मागून बसते आणि मग सरकते. डाव्या वळणात मात्र शहाण्या मुलीसारखी वागते.” दुसऱ्यांदा जेवताना. तिसऱ्यांदा शर्यतीच्या सकाळी, हेल्मेट घालता घालता: “हेडमास्तरीणबाई, एकदा तो मागचा डावा बघा ना, विद्यार्थ्याची विनंती आहे.” मी वही उघडून दाखवली. चारही शॉक सारखे, लिहिलेले, तारखेसह. “दोष तुझ्या हातांत आहे,” असं म्हणाले. वहीत त्या तारखेला माझ्या अक्षरात एक नोंद आहे: चालकाची तक्रार, निराधार.

अपघातानंतर मंडळाने माझ्याकडून तांत्रिक अहवाल मागितला. मी टायरांचा दाब तपासला, ब्रेक तपासले, चाकांचे कोन दोनदा मोजले. शॉकचे आकडे तेवढे वहीतून उतरवले. माझ्या हस्ताक्षरातले होते, म्हणून पुन्हा मोजले नाहीत. खाली लिहिलं, गाडी निर्दोष होती. त्या एका वाक्यावर तुझा शर्यतीचा परवाना गेला. तू अहवाल वाचलास, घडी घातलीस आणि म्हणालास, “सही तुझी आहे ना ताई? मग झालं.” मला वाटलं, तू चूक कबूल केलीस. मनातून समाधानही वाटलं, कसलं ते आता विचारू नकोस.

गुरुवारबद्दल मी वर एक गोष्ट गाळली आहे. शॉक काढण्याआधी त्याचं बटण पूर्ण आवळायचं आणि आवळताना खटके मोजायचे, ही माझी रीत. मग तो शॉक भंगारात का जाणार असेना. एकूण खटके चोवीस. आपण चारही शॉक पूर्ण आवळून प्रत्येकी सात खटके मागे घेतले होते. पुढचा डावा मोजला: सात. पुढचा उजवा: सात. मागचा उजवा: सात. मागचा डावा: सतरा.

पुन्हा मोजायची सोय नव्हती. एकदा आवळलं की पुरावा संपतो. पण मोजण्यात मी चुकत नाही. हे वाक्य लिहून खोडणार होते. राहू दे, तुला हसायला.

बटण दोन वर्षांत आपोआप फिरलं असेल, असाही विचार करून पाहिला. माझ्या शाळेतल्या एखाद्या विद्यार्थ्याने हे उत्तर लिहिलं असतं, तर मी त्याला शून्य दिलं असतं. चोवीसातून सात गेले की सतरा उरतात. म्हणजे मी सात खटकेच मोजले, फक्त सैल टोकापासून. ती सकाळसुद्धा आठवली. मी बटण पूर्ण सैल केलं होतं, आता पूर्ण आवळून मागे मोजायचं, आणि तेवढ्यात तू केळ्यांची पिशवी घेऊन आलास, अकरा मिनिटं उशिरा. मी हातातलं सोडून तुला झापायला उठले. तू म्हणालास, “अकरा मिनिटांत जग बुडत नाही गं.” परत येऊन बसले ती रागातच, आणि बटण होतं तिथूनच आवळत सात मोजले. उजव्या वळणात सगळा भार डावीकडे जातो, आणि मागच्या डाव्या कोपऱ्याला तो पेलायला जवळजवळ काहीच नव्हतं. तू जे सांगत होतास ते अक्षरशः खरं होतं.

चूक माझी होती. तुझ्या हातांत काही दोष नव्हता, आणि तो तिथे आहे असं मी जगाला सही करून सांगितलं.

सोमवारी मी मंडळाला तसं कळवलं. प्रत सोबत आहे. काल उत्तर आलं. माझा अहवाल रद्द झाला. परवाना मात्र चालकाने स्वतः मागावा लागतो, स्वतःच्या सहीने, महिनाअखेरच्या आत. इथे माझी सही चालत नाही, आणि चालू नये.

आता गाडी का थांबली आहे ते. नवे कॉइलओव्हर बसवले की चारही कोपऱ्यांचा भार जुळवावा लागतो, आणि तो चालक आसनावर असताना. तो नसेल तर त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवतात. मी अडुसष्ट किलोच्या ठेवल्या. डॉक्टरांचं वजन चौऱ्याऐंशी आहे. आपण कुणासाठी गाडी जुळवतो आहोत, हे मला दुसरी पिशवी ठेवताना कळलं, आणि मी डॉक्टरांना नको म्हणून कळवून टाकलं. पण अडुसष्ट हा तुझा आकडा वहीतला आहे, दोन वर्षांपूर्वीचा, माझ्याच हस्ताक्षरातला. त्यावर आता मी कडं फिरवणार नाही.

तेव्हा तुझं आजचं वजन मला कळव. बुटांसकट, हेल्मेटसकट, खऱ्या काट्यावर केलेलं. लेखी कळव. फोन करू नकोस. फोनवर तू “असू दे गं ताई” म्हणशील, आणि मी ते ऐकून घेईन. परवाना मागायचा नसेल, तर तेही तुझ्या सहीने लिही, म्हणजे मी पिशव्या उतरवीन. माझ्याबद्दल जे लिहायचं असेल त्याला हवे तितके कागद घे, मी एकही ओळ गाळून वाचणार नाही. पण पहिल्या ओळीत आकडा हवा. मी काट्यांपाशीच आहे.

तुझीच,
ताई