बासरी कुठे गेली?

ता. ९ जानेवारी

चि. पिपाणीस आजीचे अ. उ. आ.

तुझं गाणं पोचलं. मामीच्या मोबाइलवर आलं, तिने ते कपाटावरच्या काळ्या ठोकळ्यात सोडलं आणि मी खाली खुर्ची ओढून बसले. नेहमीप्रमाणे मी सांगते आहे आणि मामी लिहिते आहे. मधेच तिचा हात थांबतो, म्हणजे ती काहीतरी गाळते आहे. पत्र कुठे फार गोड वाटलं तर तिथे मी तिखट बोलले होते असं समज.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण हल्ली फोनवर तू तोंडात खडीसाखर धरल्यासारखी बोलतेस. लहानपणी तुझा आवाज तीन घरं ओलांडून जायचा, म्हणून तर पिपाणी नाव पडलं. स्टुडिओत काचेमागे बसून बसून त्याला गंज चढला वाटतं.

आता गाण्याचं. चाल बरी आहे. गाणारी मुलगी शब्द गिळते. ओळ सुरू होते तेव्हा मी तिच्याबरोबर निघते, शेवटाला पोचेपर्यंत ती कुठल्या गल्लीत वळते कळत नाही. आणि बासरी कुठे गेली? गाण्यात पहिल्यापासून बासरी आहे असं तू कळवलं होतंस. मी ठोकळ्याला कान लावून वाट बघितली, बासरीवाल्याने दांडी मारली. मागच्या खेपेलाही हेच सांगितलं होतं. तू म्हणालीस, वाढवली. कुठे वाढवली? आणखी वाढव.

एकूण नव्या गाण्यांचं कठीणच झालंय. शुक्रवारी रेडिओवर आठवड्याची नवी गाणी लावतात, तो कार्यक्रम मी अजून चुकवत नाही. पण सगळी गाणी रजईत गुंडाळून आणल्यासारखी येतात. हा रोग आता जुन्यांनाही लागलाय. माझं खिडकीचं गाणं तुला माहीत आहे. त्यातली बाई शेवटची ओळ दोनदा म्हणते आणि दुसऱ्या वेळी एका शब्दाआधी किंचित अडते, जसं कोणी उंबऱ्यापाशी अडावं. कारखान्यात आम्ही शर्टांची काजं करायचो तेव्हा भिंतीवर रेडिओ होता. ते गाणं लागलं की मशिनी आपोआप हळू व्हायच्या आणि मुकादम ओरडायचा. मुकादम ओरडला म्हणजे गाणं चांगलं, ही आमची परीक्षा. परवा तेच गाणं लागलं तर बाई अडतच नाही, सरळ निघून जाते. कोणीतरी नव्याने भरून बिघडवलंय.

तुझ्या संगीतकारांना माझा नमस्कार सांगू नकोस, ओळख नाही. बासरीचं तेवढं बघ. माया आहेच, ती काही रेडिओवर अवलंबून नाही.

तुझी,
आजी

ता. क. पिपाणी, हे आईंनी सांगितलेलं नाही आणि मी त्यांना वाचूनही दाखवणार नाही. ठोकळ्याचा आवाज शेवटपर्यंत पिळलेला असतो. खालच्या मजल्यावरचे न्हावी दोनदा तक्रार घेऊन आले. दुसऱ्यांदा दार ठोकून ठोकून दमले. मी दुकानातून परतले तर ते पायरीवर बसलेले आणि आई आत खुर्चीत, त्यांना पत्ताच नाही. बासरी मला स्वच्छ ऐकू आली, खरं तर जरा जास्तच. कानांचं नाव काढलं की त्या ताटावरून उठतात. औषधं विकून माझी हयात गेली, पण या दुखण्याला माझ्या दुकानात काही नाही. तूच काहीतरी कर. – मामी


ता. १७ जानेवारी

ती. आजीस पिपाणीचा शि. सा. न.

मामी, हे पत्र आजीच्या अगदी समोर बसून वाच आणि या खेपेला एक शब्द गाळू नकोस.

आजी, बासरी होती. पहिल्या सुरापासून होती. तू म्हणालीस म्हणून मी ती वाढवली, परत म्हणालीस म्हणून परत वाढवली. काल संगीतकार ऐकायला आले. तुला ठाऊक आहे, सगळीच्या सगळी गाणी एकटीने मिक्स करायची, असं हे माझं पहिलं काम. ते डोळे मिटून बसले आणि लगेच उघडले. म्हणाले, गाण्यात रेफरी कधीपासून घेतला? मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले, परत आले, बासरी जागेवर आणली. ते हसले, काम वाचलं.

पण मला ती शिट्टी झोपू देईना. तुझी मागची पत्रं काढून बसले. तुला जे जे सापडत नाही ते सगळं वरच्या पट्टीतलं आहे. बासरी, झांज, व्हायोलिनचं टोक, शब्दांतले स आणि श. गाणारी मुलगी शब्द गिळत नाही, आजी. वयाबरोबर कानाला वरचे सूर आधी सोडून जातात, खालचे मागे राहतात, म्हणून सगळं रजईतलं वाटतं. हे मला कोणी चहाडी करून सांगितलेलं नाही. दिवसभर सुरांची उंची-खोली मोजत बसणारीला एवढं कळायला हवं होतं, आणि आधीच कळायला हवं होतं.

तुझं खिडकीचं गाणंही ऐकलं. बिघडलेलं नाही. ती बाई अजून अडते, त्याच शब्दाआधी.

तेव्हा कान तपासून घे. मामी बरोबर येईल. रागावलीस तर रागव, पण तपासल्याशिवाय माझ्याकडून नवीन गाणं मिळणार नाही. तू मला गाणी ऐकायला शिकवलंस. तुझ्या वाटणीची गाणी अशी अर्धवट जावीत हे मला चालणार नाही.

तुझ्या पायांशी लोळण घेऊन हट्ट करणारी,
पिपाणी


ता. २ फेब्रुवारी

चि. पिपाणीस आशीर्वाद आहेत, पण या खेपेला मोजके.

तुझं पत्र मामीने असं खणखणीत वाचलं की माझे कान गेल्याची बातमी जिन्यापर्यंत पोचली. त्यानंतर मी दोन दिवस तुम्हा दोघींशी बोलले नाही. तू लांब असल्यामुळे तुला ते कळलं नसेल, म्हणून मुद्दाम कळवते.

मग गेले. काय करणार? गाणी अडवून धरलीस, हातात दुसरं काय होतं? कानाच्या दवाखान्यात एक तपासनीस मुलगी आहे, तुझ्याच वयाची. तिने मला कपाटाएवढ्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या आणि हातात बटण दिलं. बारीक आवाज आला की दाबायचं. बटणांत माझा जन्म गेला, मला काय शिकवते? काचेतून ती दिसत होती. तिचा हात खाली गेला की मी दाबत होते. सगळं कसं झकास चाललं होतं. तेवढ्यात ती उठली, आत आली आणि माझी खुर्ची भिंतीकडे वळवून गेली. त्यानंतर बराच वेळ मला वाटलं, ही जेवायला गेली.

तर मशिनं मिळाली. शेंगदाण्याएवढी, दोन कानांना दोन. बोलणं स्वच्छ येतं, खोटं कशाला बोलू? मामी स्वतःशी किती पुटपुटते हे आत्ता समजलं, आणि त्यात माझं नाव किती वेळा येतं तेही. नळ, चमचे, पावलं, सगळं अंगावर येतं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा फाटल्यासारखं वाटतं.

पहिल्याच संध्याकाळी खिडकीचं गाणं लावायला सांगितलं. पिपाणी, ती बाई डब्यात तोंड घालून गात होती. आवाज थरथरायचा. सूर लांबवला की मधेच खाली दबायचा, मग परत वर उसळायचा. व्हायोलिनच्या मागे किर्र किर्र. शेवटची ओळ आली तेव्हा मी श्वास धरून बसले होते. ती अडली की मशीन अडलं, मला काही सांगता येईना.

मशिनं काढून टाकली. वाटलं, निदान माझं रजईतलं गाणं तरी परत मिळेल. पण एकदा रजई आहे हे कळल्यावर तेही गोड लागेना. तुझ्या पत्राने एवढं केलं.

म्हणून ठरवलंय. बोलण्यापुरती मशिनं, गाणं बंद. शुक्रवारचा कार्यक्रम लावला नाही. ठोकळा मामीला देऊन टाकला, तिने तो पुसून परत कपाटावर ठेवला, तो तिचा प्रश्न. तुझी गाणी आता दुसऱ्या कोणाच्या कानांवर घाल. मी पोटभर ऐकलंय. हे काही दुःखाने सांगत नाही. मामी म्हणते, दुःखानेच सांगताय. तिला कोणी विचारलं नव्हतं.

तब्येत सांभाळ. रागावले असले तरी तुझीच,
आजी


ता. ८ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. आणि वर एक जास्तीचा नमस्कार.

पत्र हातात पडलं तशी लिहायला बसले. आजी, हा दोष तुझ्या कानांचा नाही आणि त्या बाईचाही नाही. ते मशीन बोलणं ऐकण्यासाठी लावून दिलंय. लांब ओढलेला उंच सूर आला की त्याला वाटतं, कुठेतरी शिट्टी वाजतेय, आणि ते तो दाबून टाकतं. म्हणजे गाणारी जिथे खरी गाते, नेमकं तिथेच ते तिला गप्प बसवतं. शिवाय बारीक आवाज मोठा करायचा आणि मोठा बारीक, हा त्याचा उद्योग. गप्पांना ते बरं, गाण्याला नाही. माझ्याकडे कोणी असं काम आणलं तर मी पहिल्यापासून परत करायला लावीन.

मी त्या तपासनीस मुलीला फोन केला. तुझी ओळख सांगावी लागली नाही. म्हणाली, काचेतून चोरून बघणाऱ्या आजी ना? ती म्हणते, गाण्यासाठी वेगळी मांडणी करता येते. बटण दाबलं की बोलण्याची जाते आणि गाण्याची येते. पण लोक मागत नाहीत म्हणून ती सगळ्यांना करून देत नाही. तू जा. तुझं खिडकीचं गाणं बरोबर ने, तिच्या खोलीत लाव आणि काय खुपतं ते सांग, मला सांगतेस तसंच, भीड न ठेवता. ती फिरवेल, परत ऐक, परत सांग. चार खेपा झाल्या तर चार.

पूर्वीसारखं होईल असं वचन मात्र देत नाही. तीही देत नाही. आवाज विसरलेल्या डोक्याला तो पुन्हा शिकायला महिने लागतात. सुरुवातीला सगळ्यांनाच पत्रा ऐकू येतो आणि बरेच जण तिथेच मशिनं ड्रॉवरमध्ये टाकतात.

दुसऱ्या कोणाच्या कानांवर घाल म्हणालीस, तेही करून पाहिलं. शेवटचं गाणं संगीतकारांनी ऐकलं, छान म्हणाले. गाणारी छान म्हणाली. चहावालेही छान म्हणाले. इतकं सगळं छान ऐकून मी चुका शोधत बसलेय. ते गाणं मामीकडे पाठवून ठेवलंय. बाहेर पडायला एप्रिलअखेर होईल, तोवर त्यात हात घालता येतो. घाई नाही. पण तू ऐकल्याशिवाय ते झालं असं मला वाटणार नाही.

मामीला सांग, ठोकळा पुसत राहा.

तुझी वाट बघणारी,
पिपाणी


ता. १९ एप्रिल

चि. पिपाणीस आजीचे अ. उ. आ., या खेपेला पूर्ण माप.

उत्तराला उशीर झाला. शिकत होते. अक्षरं शिकायचं राहिलं ते राहिलंच, पण या वयात आवाजांची बाराखडी गिरवीन असं वाटलं नव्हतं.

त्या तपासनीस मुलीकडे पाच खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मी म्हटलं, बाई अजून डब्यात आहे. तिने काहीतरी फिरवलं. म्हटलं, आता डबा मोठा झाला, पण डबाच. ती हसेना आणि चिडेनाही, पोरगी चिवट आहे. तिसऱ्या खेपेला डब्याचं झाकण उघडलं. मग घरी रोज संध्याकाळी एक गाणं, मामी शेजारी. मी काय ऐकलं ते सांगायचं आणि तिने खरं-खोटं करायचं. आधी गिटार परत आली. मग झांज, ती मात्र नकोशी वाटेपर्यंत. बासरी काही येईना. मी आशा सोडली होती. आणि एका दुपारी रेडिओवर साबणाची जाहिरात लागली, तिच्या मागे बासरी! फालतू, तीन सुरांची. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मामीला वाटलं छातीत कळ आली, ती गोळी घेऊन धावली. तिला सांगितलं, गोळी ठेव, साबण ऐक.

खिडकीचं गाणं पूर्वीचं नाही, ते तुला सांगायला हवं. बाई अडते, पण माझ्या आठवणीत अडायची त्यापेक्षा कमी. आता आठवणीत मीच तिला जास्त अडवून ठेवली होती की मशीन तिला लवकर सोडतं, कोण सांगणार? हे गाणं माझ्या गाण्याची बहीण आहे म्हण. तोंडवळा तोच, स्वभाव वेगळा. तिच्याशीही माझं जमायला लागलंय.

तुझ्या गाण्याला मात्र मी हात लावू दिला नव्हता. कान पक्के झाल्याशिवाय ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. परवा मामीला सांगितलं, लाव. एकदा ऐकलं. काल दोनदा ऐकलं, आज सकाळी परत. बासरी जागेवर आहे. शब्द शेवटपर्यंत पोचतात, श ला श आणि स ला स. मागे कोणीतरी बोटांनी टिचक्या वाजवतं, तेही आलं. मशिनांनी काही दाबलं नाही, काही फुगवलं नाही. सगळं ऐकू आलं.

आणि पिपाणी, मला ते गाणं मुळीच आवडलं नाही.

मामी लिहायची थांबली आहे. म्हणते, पोरीला असं कळवू नका, तिने तुमच्यासाठी एवढं केलं. मी म्हटलं, लिही, त्यासाठीच तर केलं. गेलं वर्षभर मला काही न आवडण्याची सोय उरली नव्हती. गाणं रुचलं नाही की आत पाल चुकचुकायची, गाणं वाईट की मी संपले? आवडलं म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर भीती. आज तीनदा विचार केला, स्वतःला उलटं-सुलटं विचारलं. माझं काही चुकत नाही. गाणंच वाईट आहे.

कारण सांगते. ती मुलगी पहिल्या ओळीपासून रडते. दुःख अजून दारातही आलेलं नाही आणि हिने डोळ्यांना पदर लावला. मग शेवटाला, जिथे खरंच रडू यावं, तिथे तिच्याकडे काही शिल्लक नाही. तिला म्हणावं, सुरुवातीला चार ओळी सांगितल्यासारख्या म्हण, आपल्याच घरातल्या माणसाला सांगावं तशा. आणि ड्रमवाला फार घाई करतो, त्याला कुठे जायचं असेल तर आधी जाऊन येऊ दे. एप्रिल संपायला अजून दिवस आहेत. तुझ्या संगीतकारांना हे कोण म्हणालं ते सांगितलंस तरी चालेल.

सांगताना इतकं बरं वाटतंय की मामी मला गप्प बसा म्हणते आहे, तिचा हात दुखला. म्हणून पुरे करते. लोभ आहेच. गाणं सुधारलंस तर थोडा वाढवीन.

तुझी,
आजी