आईचा तिसरा फोटो

३ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार तुझ्या वयाला आहे, वागण्याला नाही. फोनवर मी बोलत असताना तू ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. याला मधेच तोडता येणार नाही.

आईचा पासपोर्टचा अर्ज दुसऱ्यांदा परत आला, हे मला आईकडून कळतं! तुझी वाचा बसली होती का? आणि परत कशामुळे, तर फोटोमुळे. बाबांपासूनचा आपला स्टुडिओ, आणि घरच्याच बाईचा एवढासा फोटो सरकारला चालत नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नियम काही अवघड नाहीत. मागे पांढरा पडदा, चष्मा काढलेला, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आणि काढलेल्या फोटोत मागाहून काडीचाही फेरफार नाही. पहिल्या वेळी पांढरे केस पांढऱ्या पडद्यात दिसेनात, म्हणून तू ते काळे करून टाकलेस! साठी उलटलेल्या बाईचे! दुसऱ्या वेळी काय दिवे लावलेस ते आई सांगत नाही. तू सांग.

मेअखेरीस माझं बाळंतपण आहे. डॉक्टरीणबाईंनी मला अंथरुणावरून उठायची बंदी केली आहे. यांची नोकरी पाळीची, या परक्या देशात घरात दिवसभर मी एकटी. मला आई हवी आहे, दादा, आणि ती तुझ्या कॅमेऱ्यात अडकून बसली आहे. तिला जाऊ द्यायचं नाही म्हणून तू मुद्दाम करतो आहेस, असं मला आता वाटायला लागलंय. नसेल तर तिला समोरच्या दुकानात पाठव, तो पाच मिनिटांत काढून देईल.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची घाई नाही.

तुझी धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ. आशीर्वाद फुकट असतात, म्हणून देतो.

तिकडे लोळून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. इथे रांगेत आईबरोबर कोण उभं राहतं? मी. स्टुडिओ बंद ठेवून, दोन्ही वेळा.

दुसऱ्या वेळी काय झालं ते ऐक. खिडकीतल्या कारकुनाने फोटो पाहिला, आईकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला की बाई, हा तुमच्या बहिणीचा फोटो दिसतोय, यांच्या तोंडाभोवती कोड नाही. रांगेतल्या झाडून साऱ्या माना वळल्या. आई खाली बघत राहिली. त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटली मला.

हो, पुसलं मी कोड. दर वेळी पुसतो. आता ते ओठांवरून हनुवटीवर उतरलंय, एका डोळ्याच्या कडेलाही आलंय. लोक तिच्याकडे बघून चुकचुकतात, पोरं बोट दाखवतात. निदान फोटोत तरी कुणी तिची कीव करू नये, एवढंच बघत आलो. हा गुन्हा असेल तर चढव फासावर.

आणि तू कुठल्या तोंडाने बोलतेस? तुझ्या लग्नात तो डाग करंगळीच्या नखाएवढा होता. तेवढासुद्धा अल्बममधून काढून टाक, सासरची माणसं बघतील, म्हणून माझ्यामागे कोण लागलं होतं? चोराच्या उलट्या बोंबा!

समोरच्याचं नाव काढू नकोस. आपल्या दारात पाटी लावून त्याने आपली गिऱ्हाइकं पळवली. माझी आई त्याच्या स्टुलावर बसली, तर मी दुकानाला कुलूपच लावावं. तिसरा फोटो मीच काढीन, आणि असा काढीन की कारकुनाच्या बापालाही कळणार नाही.

लोभ मागत नाही, तुझ्याकडे तो शिल्लक असेल असं वाटत नाही.

दादा


१७ मार्च

दादास,

फक्त न. वि. वि.

‘कळणार नाही असा काढीन’ म्हणजे पुन्हा पुसणार! तुझ्या डोक्यात प्रकाश पडतो तरी कशाने? नाचता येईना अंगण वाकडं, तसा तू कारकुनावर घसरतोस. तिसऱ्यांदा अर्ज परत आला, तर आई बाळंतपणाला पोचणार नाही. मग मी त्या कारकुनाला नाही, तुला धरीन.

लग्नाचं काढलंस ते बरं केलंस. हो, मी सांगितलं होतं. नव्या घरी आल्या आल्या कुजबुज नको होती मला. माझा एकच अल्बम होता, तू तर तिच्या प्रत्येक फोटोवर हात फिरवलास. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

मी नुसती तोंड वाजवत नाही, सोयही करून ठेवली आहे. इथे अंगाच्या रंगाचं एक क्रीम मिळतं. चेहऱ्यावर चोपडलं की डाग दिवसभर दिसत नाही. दोन मोठ्या ट्यूब आणून ठेवल्या आहेत. आई आली की पहिल्या दिवसापासून लावेल, म्हणजे शेजारपाजारचे प्रश्न नकोत आणि तिलाही अवघडल्यासारखं नको. फक्त फोटो तेवढा आहे तसा काढू दे. हे ती इथे आल्यावर मी तिला नीट समजावीन, तू आत्ताच बोलून तिचं मन मोडू नकोस.

उत्तर नको, पासपोर्ट हवा.

धाकटी


२० एप्रिल

चि. थोरला आणि चि. धाकटी,

दोघांस अ. उ. आ. एकाच मजकुराची दोन पत्रं लिहिली आहेत. एक पोस्टात टाकते, एक गल्ल्यावर ठेवते. तोंडाने सांगायला गेले तर तुम्ही एकमेकांवर ओरडाल आणि माझं राहून जाईल.

तुमची पत्रं मी वाचली. धाकटीची दादा गल्ल्यावर उघडी टाकतो, आणि दादाने स्वतःचं पाकीट चिकटवायला माझ्याचकडे दिलं होतं. आईला वाचता येतं, हे दोघंही विसरलात.

पासपोर्ट आला आहे. मी समोरच्याकडे गेले होते. भर दुपारी, दुकानं उघडी असताना, रस्ता ओलांडून. दादा दारात उभा राहून बघत होता. बघू दे म्हटलं. त्या माणसाने फोटो काढला आणि त्याचाही हात आपसूक कॉम्प्युटरकडे गेला. मी म्हटलं, बाबा रे, हात मागे घे. तो ओशाळला. मागे निळसर पडदा लावून बघतो म्हणाला, तर मी म्हटलं, पांढराच ठेव, नियम आहे, फक्त दिवा जरा बाजूला घे म्हणजे केस दिसतील. एवढं तर तुमच्या बाबांकडून मीही शिकले होते. दादाने विचारलं असतं तर त्यालाही सांगितलं असतं.

खिडकीत तोच कारकून होता. फोटो बघितला, मला बघितलं, शिक्का मारला आणि पुढचा नंबर पुकारला. किती वर्षांनी कुणी माझ्या तोंडाकडे बघून पुढच्या कामाला लागलं! बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि रडले. दुःखाने नाही, रागाने. तुमच्या दोघांच्या.

दादा, तू काढलेले फोटो कापायला मीच बसते. माझे स्वतःचेही. इतकी वर्षं मी कात्रीने कुणा दुसऱ्याच बाईच्या कडा सरळ करत बसले, आणि वाटायचं, पोराला माझं तोंड बघवत नाही. तू मायेने करत होतास, हे मला तुझ्या पत्रातून कळावं? एकदा तरी विचारायचंस. दुकानाला कुलूप लावायचं तर खुशाल लाव, मला पुन्हा सांगू नकोस.

धाकटे, तुझं मात्र मला जास्त लागलं. तुला आई हवी आहे, म्हणजे तिचे हात हवे आहेत. तोंड तिने घरी ठेवून यावं. तुझ्या ट्यूब दुकानात परत कर. मी काही लावणार नाही. शेजारपाजारच्यांनी विचारलं तर मी सांगीन, मला सांगता येतं. कोडाने मला कधी काही दुखलं नाही गं.

तरी मी येते आहे, कारण तू एकटी आहेस आणि घाबरली आहेस, आणि मी तुझी आई आहे. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला सकाळी उतरेन. तू अंथरुणावर, तेव्हा घ्यायला जावई येतील, नाहीतर दुसरं कुणी. त्यांच्या हातात तुझ्याकडचा माझा फोटो देऊ नकोस, त्यात मी नाही. त्यांना तोंडाने सांग, की जिच्या ओठांभोवती पांढरं आहे ती माझी आई. तुला हे सांगता आलं, तरच मी सापडेन.

लोभ आहे, तो मी येऊन दाखवते, तुम्हीही दाखवा.

तुमची आई