पेडल कोण धरणार

१५ फेब्रु., रविवार
सासऱ्यांच्या जुन्या पद्मिनी गाडीनं आज पुन्हा दगा दिला. दहिवलीहून येताना सुनंदा म्हणाली, काहीतरी जळतंय. उतरून पाहिलं तर पुढच्या चाकांच्या ड्रमना हात लावता येईना. ब्रेक लागतात, सुटत नाहीत. सरपटत घर गाठलं. ब्रेकचं नवं रबर किट घालून महिना झाला नाही. मी स्वतः घातलंय, माझ्या कामात खोट नाही. किट आणलं होतं मेहुण्यानं, वसंतानं, मोहोपाड्याहून. "वरिजनल हाय भावोजी." बिल मागितलं तर म्हणे हरवलं. हरवायचंच.

१६ फेब्रु.
ड्रम उघडले. रबरं भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगलेली. बत्तीस वर्षं भिवपुरीच्या पावरहाऊसला फिटर होतो, मला काय शिकवता. डुप्लिकेट माल.
सु. म्हणाली, पाडव्याला या गाडीनं लोधिवलीला माहेरी धड पोचवलंत तर गाडी ठेवू. नाहीतर वसंता म्हणतो त्या रिसॉर्टवाल्याला देऊन टाकू. गेटसमोर शोभेला उभी करणार म्हणे, चाकं सिमेंटात रोवून. रिसॉर्टवाला कोण? मला आज कळतंय. भावाबहिणीचं केव्हापासून शिजतंय कोण जाणे.

२१ फेब्रु., शनिवार
किट स्वतः पनवेलहून आणलं. दुकानदाराला तीनदा विचारलं, खरं ना? वैतागला. वैतागू दे.

२२ फेब्रु.
ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला वसंता आला. या कामाला माणसं दोन लागतात. एक आत पेडलवर, एक खाली चाकाच्या निपलवर, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूवर. "धर" म्हटलं की दाबून धरायचं, "सोड" ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही. नाहीतर हवा पुन्हा आत. वसंताचा पाय चांगला, कबूल आहे. सासऱ्यांनी, त्याच्या दादांनी, शिकवलेला. पण आज "धरलंय" म्हणाला की मला वाटायचं, खरंच धरलंय का? ऑइल मीच ओतलं, शेल्फवरच्या निळ्या डब्यातलं. त्याला कशाला हात लावू दिला नाही.

१ मार्च, रविवार
पुन्हा जाम. आता मागचं चाकसुद्धा. किट नवं, दुकान वेगळं, हात माझे. मग राहिलं कोण?
सु.कडून काढून घेतलं. बुधवारी मी डोळे तपासायला गेलो तेव्हा वसंता येऊन बॉनेट उघडून गेला. रेडिएटरमध्ये पाणी घातलं म्हणे. मला कुणी सांगितलं? चोराच्या मनात चांदणं.
दुपारी तो जेवायला होताच. विचारलं, "ब्रेकच्या बाटलीत काय ओतलंस रं?" त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा भात कालवायचा थांबला. "दादांची गाडी हाय ती, भावोजी. मी तिच्यात विष कालवीन व्हय?"
पानावरून उठला आणि गेला. सु.नं त्याचं ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं.

३ मार्च, होळी
पोळ्या झाल्या. वाढल्या. सु. आत जाऊन जेवली. बॉनेटला आतून दोरा बांधून ठेवलाय. उघडलं तर तुटेल.

६ मार्च
दोरा शाबूत. ब्रेक ऑइलच्या बाटलीच्या झाकणातलं रबर मात्र रविवारपेक्षा फुगलंय. दोरा तोडून पुन्हा तश्शीच गाठ मारता येते म्हणा. वसंता कंपनीत पॅकिंगला आहे, गाठी मारण्यात हात बसलेला.

९ मार्च, सोमवार
सु. आठ दिवसांनी बोलली, तीही कामापुरती. शिलाई मशीन कुरकुरतंय, तेल कुठंय? मी पेपरातून मान वर न काढता म्हटलं, "शेल्फवर बघ. ब्रेक ऑइलच्या निळ्या डब्यात."
बोललो आणि पेपर तसाच हातात.
दिवाळीत तिच्या मशीनच्या तेलाची लिटरची बाटली गळायला लागली, तेव्हा रिकाम्या निळ्या डब्यात मीच ओतलं होतं. चांगला डबा, टाकवेना. वर चिठ्ठी लावायची राहिली. पावरहाऊसला चिठ्ठी न बघता वॉल्व्हला हात लावणाऱ्यांना मी आईबापावरून शिव्या दिल्यात. ब्रेक ऑइल हे नुसतं नावाचं ऑइल, त्यात खरं तेल गेलं की रबर फुगणारच. पहिल्या महिन्यातला हेल्परही सांगेल. मी दोनदा ओतलं. वास आला असता, पण त्या करोनाच्या तापानंतर नाक गेलं ते गेलंच.
लाज वाटते. सु.नं डबा नेला, मशीनला तेल घातलं, डबा परत ठेवला. तिला कळलं का? चेहऱ्यावरून काही कळत नाही.

१४ मार्च, शनिवार
सगळं पुन्हा उतरवलं. लाइन स्पिरिटनं धुतली. रबरं, होज पाइप सगळं नवं. ऑइलचा सीलबंद डबा. आता फक्त हवा काढायची. पेडलवर लाकडाचा ओंडका टेकवून बघितला. ओंडक्याला "सोड" ऐकू येत नाही. सु.ला म्हटलं, बस जरा. म्हणाली, "माझा पाय नाय पोचायचा. ज्याचा पोचतो त्याला बोलवा."
फोन केला. "बघतो" म्हणाला.

१५ मार्च
वसंता आला. चहा नको म्हणाला. ऑइलचं सील स्वतः फोडलं, माझ्यासमोर डबा नाकाला लावला, मग ओतलं. बघत राहिलो. मग पाना घेऊन चाकाखाली शिरलो.
"धर." "धरलंय." "सोड." चारही चाकं झाली. एकदाही पाय चुकला नाही. शेवटी पेडल दगडासारखं कडक.
उतरून हात पुसताना त्यानं विचारलं, "मंग तवा झालं काय व्हतं?"
"किट डुप्लिकेट होतं," मी म्हटलं. आपोआप तोंडातून गेलं.
"दुसरं पन?"
मी घट्ट असलेलं निपल पुन्हा घट्ट करत बसलो. मागं वळलो तर दारात सु. उभी. सगळं ऐकलेलं.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. काल कडावच्या रस्त्यावर चालवून आणली, ड्रम गार. आता गाडी राहील. बॉनेटला सु.नं हळदकुंकू लावलं.
शेल्फवर निळा डबा नाही. शोधला. सु.च्या पिशवीत, श्रीखंडाच्या शेजारी. हा कशाला, म्हटलं. म्हणाली, "वयनीचं मशीन कुरकुरतंय. तेल न्यायचं हाय. कुठल्या डब्यातलं ते तिथं तुमीच सांगा."
पिशवी मांडीवर घेऊन गाडीत जाऊन बसली आहे. मी आत हे लिहीत बसलोय. हॉर्न दोनदा वाजला. हा तिसरा.