तीनशे बारा चिठ्ठ्या

२ तारीख, सोमवार. सकाळ (पावणेअकरा म्हणजे सकाळच).

नवी वही, नवं आयुष्य. आजपासून रोज पाचला उठणे. म्हणजे उद्यापासून.

कारण तसंच आहे. सोळा तारखेला ताईच्या कारखान्यावर परदेशी कंपनीचे लोक येणार. कारखाना म्हणजे घराखालची लांबोडी शेड, चार मशिनं आणि मिस्त्रीकाका. पूर्वी इथे कपाटांच्या बिजागऱ्या व्हायच्या. तीन वर्षांपासून हेलिकॉप्टरच्या दाराच्या बिजागरीतली पिन होते. बोटाएवढी. त्या लोकांनी पैसे घातले तर नवं मशिन, नवी शेड. नाही घातले तर पुन्हा कपाटं, असं ताई म्हणाली. हसत म्हणाली, पण तिचा चहा तसाच गार झाला.

तेव्हाच ठरवलं. देशाच्या विमान व संरक्षण उद्योगात परकीय गुंतवणूक आणण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेत आहे. अजून कोणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी सांगितलं. भावजी म्हणाले, मेहुणे, परदेशातून गुंतवणूक आणायच्या आधी कोपऱ्यावरून दूध आणा.

दूध आणलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. (विसरलो.)

४, बुधवार.

पाचला उठणे: नाही. गजर वाजला, पण आत्मविश्वासाने वाजला नाही.

स्वतःच्या अनुभवाचा आढावा. जहाजावर भांडी घासली, पाच महिने. परदेशी माणसं जवळून पाहिली, निदान त्यांच्या ताटल्या. गाद्यांच्या दुकानात विक्रेता, सात आठवडे. मालाची चाचणी घेत असताना मालकाने मला झोपलेलं पाहिलं, गैरसमज झाला. सर्कशीच्या तिकीट खिडकीत एक सीझन. शाळा दहावीपर्यंत, तीही दोनदा. इतका चौफेर माणूस मोठमोठ्या शिष्टमंडळांतही सापडणार नाही.

५, गुरुवार.

पाहुण्यांची भाषा शिकायला फोनवर अ‍ॅप घेतलं. पहिल्या अकरा धड्यांत रंग, फळं, वार. पोरकटपणा. सोडले. धडा बारावा, 'दवाखान्यात'. चित्रं चांगली आहेत. एक वाक्य पाठ झालं: तुम्हाला कुठे दुखतंय? अ‍ॅपने हिरवी खूण दिली. उच्चार उत्तम. आजसाठी पुरे.

८, रविवार.

टाय घ्यायला बाजारात गेलो. वाटेत एक जण छत्र्या दुरुस्त करत होता. साडेचार तास बघितलं. काय कला आहे! एक काडी मी स्वतः बसवली. नंतर छत्री उघडेना, पण तो दोष छत्रीचा. छत्रीवाला म्हणाला, दादा, घरी तुमची कोणी वाट बघत नाही का?

टाय राहिला.

११, बुधवार.

शेडची पाहणी. मिस्त्रीकाका साठीचे, चष्मा दोरीला लटकवलेला. एकेक पिन मोजतात आणि तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधतात. चिठ्ठीवर सगळी कुंडली: धातू कोणत्या खेपेचा, पिन कोणत्या मशिनवर झाली, कोणी मोजली, सही. पिनेपेक्षा चिठ्ठी मोठी. तीन महिन्यांचा माल, तीनशे बारा पिना, तीनशे बारा मळकट चिठ्ठ्या. फळ्यांकडे बघितलं की लंगोट वाळत घातल्यासारखं वाटतं.

काकांना म्हटलं, काका, पाहुण्यांना पिन दिसली पाहिजे, कागद नव्हे. काका म्हणाले, बाळा, कागद आहे म्हणून ती पिन आहे.

जुन्या पिढीला कोड्यात बोलायची खोड. मग त्यांनी नीट समजावून सांगायला घेतलं, पण तेवढ्यात खिडकीत मांजर आली, मागे तीन पिल्लं. नंतर चौथं. ते काळं होतं. काकांचं बोलणं संपलं तेव्हा मी मान डोलावली.

१५, रविवार. संध्याकाळ.

आजचा दिवस उद्योगाच्या इतिहासात राहील.

ताई पाहुण्यांच्या जेवणाचं बघायला बाहेर. काका केस कापायला गेलेले. संधी साधली. कात्रीने सगळे दोरे कापले. पिना फडक्याने लख्ख पुसल्या. निळ्या कापडावर मांडल्या. उंचीप्रमाणे लावायचा विचार होता, पण सगळ्या अगदी सारख्याच निघाल्या. काकांचं कौतुक वाटलं. वरून पलंगपोस झाकला. उद्या पाहुण्यांसमोर मी स्वतः ओढणार.

चिठ्ठ्या फेकल्या नाहीत, मी काही अडाणी नाही. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. दोनदा मोजल्या. तीनशे बारा. एकही हरवली नाही.

१६, सोमवार.

आज लिहिणार नाही.

१७, मंगळवार.

लिहितो. नाहीतरी घरात माझ्याशी बोलतंय कोण.

काल पाहुण्या बाई आल्या, उंच, पिकल्या केसांच्या. सोबत दुभाषा. मी पलंगपोस ओढला. पिना चमकल्या. बाईंनी एक उचलली, उलटी केली, सुलटी केली आणि काहीतरी विचारलं. दुभाषा म्हणाला, हिची चिठ्ठी कुठे आहे?

मी डबा पुढे केला. म्हटलं, सगळ्या आहेत, मोजून घ्या.

काकांनी चष्मा काढला. ताईने टेबल धरलं. मी म्हटलं, पिना सगळ्या सारख्याच आहेत, कोणतीही चिठ्ठी कोणत्याही पिनेला बांधू, काय बिघडतंय? बाई कपाळाला हात लावून स्टुलावर बसल्या. कोणीतरी बोलायलाच हवं होतं. मी त्यांच्या भाषेत स्वच्छ विचारलं, तुम्हाला कुठे दुखतंय?

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मग काका उठले. कोपऱ्यातून लाल रंगाचा डबा आणला, ब्रश आणला आणि पहिल्या पिनेवर रेघ ओढली. लाल रेघ म्हणजे बाद. मग दुसरी. मग तिसरी. दुभाषा म्हणाला, बाई विचारताहेत, मापं बरोबर असतील, पुन्हा मोजा की, कोणाला कळणार आहे? काका मान वर न करता म्हणाले, माप मोजता येतं हो, पण धातू कुठल्या खेपेचा ते पिन सांगत नाही. वर हवेत बसलेल्या माणसाला काय सांगू, अंदाजे बसवलीय?

ताईकडे बघितलं नाही त्यांनी. ताईच म्हणाली, काका, दुसरा ब्रश कुठे आहे?

तीनशे बारा रेघा. जेवण तसंच राहिलं. बाई शेवटची रेघ होईपर्यंत स्टुलावर बसून होत्या. मग उठून गेल्या.

संध्याकाळी ताई गॅलरीत उभी होती. म्हटलं, ताई, ओरड ना. म्हणाली, ओरडून चिठ्ठ्या परत चिकटत असत्या तर ओरडले असते रे.

संकल्प: आयुष्यात पुन्हा कात्री धरणार नाही.

१९, गुरुवार.

भावजींनी माळ्यावरून कपाटाच्या बिजागरीचे जुने साचे काढले. धूळ झटकत होते. मी मदतीला गेलो. म्हणाले, मेहुणे, लांबूनच.

२७, शुक्रवार.

पत्र आलं! पैसे घालताहेत! नवं मशिन, नवी शेड! बाईंनी लिहिलंय की बऱ्याच देशांत बरेच कारखाने बघितले, सगळ्यांनी चमकणारा माल दाखवला. स्वतःचा तीन महिन्यांचा माल पाहुण्यांसमोर बाद करणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. ताई पत्र वाचता वाचता रडली. काका म्हणाले, त्यात काय! मग जाऊन मशिनला तेल घातलं. एकाच मशिनला तीनदा.

आता शांतपणे विचार केला तर: ब्रश काकांनी धरला, मान्य. पण धरायची वेळ आणली कोणी? हे मी कोणाला बोलून दाखवणार नाही. (भावजींना बोलून दाखवलं. त्यांनी घरातली कात्री उचलून कपाटात ठेवली.)

पत्रात माझाही उल्लेख आहे म्हणे. अट क्रमांक अकरा. ताई म्हणाली, सोमवारी सांगते. पद असणार. टाय आणायलाच हवा.

३०, सोमवार.

अट क्रमांक अकरा: चिठ्ठ्या काढणाऱ्या व्यक्तीला ओळखचिठ्ठीशिवाय आणि सोबत माणूस असल्याशिवाय शेडमध्ये सोडू नये.

काकांनी स्वतः लिहून माझ्या गळ्यात बांधली. त्याच दोऱ्याने, दोन गाठी मारून. खेप: ताईचं माहेर. कोणत्या मशिनवर: लागू नाही. तपासणी: काकांची सही. कोपऱ्यात लाल रेघ.

शेवटचा रकाना होता 'उपयोग'. तिथे काका पेन धरून फार वेळ थांबले. चष्मा पुसला. पुन्हा थांबले. शेवटी भावजींनी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं: दूध आणणे.

निघालो. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने चिठ्ठी वाचली आणि न विचारता दोन लिटर दिलं.