हळदीच्या अंगानं

२ मार्च १९३८, वसमत

अन् तरी बा म्हणतो, मी चार दिवसांत शेपूट घालून परत येईन! सेनगावाकडून इथवर तीन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेतली, ती काय परत जायला? वैशाखात माझं लग्न. पोरगी मनकर्णा, चांगल्या घरची. अन् माझ्या बाकडं तिच्या लुगड्यापुरतेबी पैसे न्हाईत, तोंड तेवढं आहे. मी कमवून नेईन अन् मांडवात त्याच्यापुढं ताठ उभा राहीन. तवा बघू.

जागा झकास मिळाली. मालक व्यंकटराव, हळदीचे आडते. वाळली हळकुंडं तरटात घालून घासायची, साल निघाली की सोन्यावानी चकाकतात. जेवण फुकट. राहायला मागच्या परसात पडवी. अन् परसात चक्क तळं! चार गाड्या मावतील एवढं, दगडानं बांधलेलं. कशासाठी, तर मालकाला बघायला. आमच्या बाया घागरभर पाण्याला कोसभर चालतात अन् हा माणूस पाणी डोळ्यानं पितो. पैसा उतू गेला की असंच व्हायचं.

चौथी शिकलेला गडी म्हणून मालकानं ही अर्धी कोरी वही दिली. लिहीत जाईन, न्हाई तर आहे ते अक्षरबी मोडायचं.

७ मार्च

मालक दुपारी खुर्ची टाकून बसतात अन् मला शिकवतात. हा खंड्या, हा पेरूच्या फांदीवरून सूर मारतो. ही पाणकोंबडी, ही लव्हाळ्यात अंडी घालते. जसं काय मी आंधळाच. काल एका बेडकानं माशी गिळली तर 'वा, वा' करून उठले. बेडूकबी लाजला असंल.

पण खरं लिहितो, इथं वाचतंय कोण. दुपारची सुट्टी झाली की मीबी तिथंच जाऊन बसतो. पांढरी कुमुदं पाण्यावर, त्यावर लाल चतुर. निवळ्या, ते पाण्यावरचे काळे किडे, घाण्याच्या बैलावानी गरगर फिरतात, कुठं पोचत न्हाईत तरी घाईत. तीन कासवं दगडावर ऊन खात माना ताणून बसतात, आमच्या गावच्या पंचासारखी. काठाला वाळा लावलाय, वारं आलं की थंडगार वास. आज तर कामाच्या अंगानंच पाण्यात उतरलो. पिवळं पाणी चौफेर पसरलं अन् लई बरं वाटलं.

तेवढ्यात चतुराबाई किंचाळत आली. ही मालकाची म्हातारी सैपाकीण. म्हणे, हळदीच्या अंगानं एकटा पाण्यात उतरलास काहून रे, मुडद्या? हळद लागल्या नवरदेवाला कोणी एकटं सोडतं का? हातात कट्यार देतात, पाण्याच्या वाटंला जाऊ देत न्हाईत, ते उगीच का? पाण्यात सातीजणी आसरा राहतात, हळदीचा गडी दिसला की नवरा म्हणून ओढून नेतात. कोण हमाल अन् कोण नवरदेव, त्यांना काय कळतंय?

मी म्हणलं, चतुराबाई, मग वसमतच्या समद्या हमालांची लग्नं फुकटात उरकली म्हणायची. तिनं कपाळावर हात मारून घेतला. अडाणी बाई.

१२ मार्च

रोज उतरतो. म्हातारीला चिडवायला निम्मं, सुखासाठी निम्मं. एक गंमत दिसली. अंगाची हळद पाण्यात पसरते, पण मग एका जागी गोळा होऊन तळाकडं जाते, सरळ, धाग्यावानी. कोणी ओढून घ्यावी तशी. गाळ ओढत असंल.

मालक खूश. म्हणाले, एवढी कुमुदं कधी फुलली न्हवती, तुझा हात गुणाचा. मी काय केलं? नुसता आंघोळीला उतरलो. पण मोठ्या माणसाला नको सांगायला.

१६ मार्च

दुपारी पडवीत डोळा लागला. उठलो तर तोंडाला ओली हळद. आमची कोरडी धूळ न्हाई, वाटून कालवलेली, तेलाचा वास येणारी. दोन गालांना, दोन खांद्यांना, दोन गुडघ्यांना, पावलांना. लग्नात बाया लावतात त्याच जागी.

धर्मसिंगचा चावटपणा. तांड्यावरचा गडी, माझ्यासंगं हळद घासतो, गाडीबी हाकतो, दात काढायला त्याला कारण लागत न्हाई. जाऊन गचांडी धरली. तो हसला न्हाई. माझ्या गालाकडं बघत म्हणाला, भाऊ, ही उमटलेली बोटं माझ्या बोटांच्या अर्ध्यानंबी न्हाईत.

आजपासून पाण्यात उतरायचं बंद. भिऊन न्हाई. कंटाळा आला.

१९ मार्च

पडवी सोडली. दुपारी पुढं दुकानात, पोत्यांवर, चार माणसांत झोपलो. उठलो तर पाय घोट्यापर्यंत ओले, अन् कपाळाला लव्हाळ्याची मुंडावळी. दोन्ही टोकांना कुमुद. माणसं म्हणतात, आमी कोणाला आत येताना पाह्यलं न्हाई.

तोडून फेकली. चतुराबाई ती उचलायला तयार न्हाई. नुसती रडती. मूर्ख बाई, रडून काय होतंय.

हळद निघत न्हाई. चिंच लावली, राख लावली. मालक म्हणतात, रंग छान उजळलाय. ह्या माणसाला एखाद्या दिवशी बुडवावा वाटतं.

२२ मार्च

भर उन्हात समदे बेडूक काठावर. पंगतीला बसावेत तसे, दोन रांगा. मधी वाट. तोंडं पडवीकडं. एकबी ओरडत न्हाई.

खंड्या तीन दिवस झाले दिसला न्हाई. त्याला अक्कल आहे.

२४ मार्च

घरी चाललो. बा हसला तर हसू दे. धर्मसिंगची गाडी हिंगोलीला निघाली, तिच्यात बसलो. बैल हलंनात. चाबूक, शिव्या, शेपूट पिळणं, समदं झालं. मी खाली उतरलो की चालले. बसलो की थांबले. तीन डाव.

धर्मसिंगनं मला हात जोडले. माझ्याएवढा गडी, लेकरासारखा रडला.

मग पायी निघालो. औंढ्याच्या वाटंला लागलो, बराबर सरळ. ऊन डोक्यावर आलं अन् वाळ्याचा वास आला. मान वर केली तर समोर परसाचं दार.

२६ मार्च

पाण्यात न्हाई जात. पण बघतो. बघितल्याशिवाय राहवत न्हाई. मालकावर हसलो होतो—

काय सुंदर आहे तिथं. निम्मं तळं पांढरं. तळाशी दिवे लागल्यावानी.

मनकर्णेचं तोंड आठवून बघितलं. आठवत—

२७ मार्च. दुपार

धर्मसिंग उद्या गाडी नेणार. त्याच्या हाती गाठोडं देऊन राहिलो, आत पैसे अन् ही वही. बा, तो रडंल, त्याला बसवून पाणी दे. अन् माझी वाट बघू नका. मनकर्णेच्या बापाला सांग, पोरीचा दोष न्हाई, वैशाखातच दुसरं स्थळ—

चतुर डोक्यावर पडून राहिलेत. दहा, वीस. अक्षता टाकाव्या तसे. झटकतो, पुन्हा—

काठाचं शेवाळ उभं राहिलं. ओल्या धोतरावानी, सरळ, हिरवं. कोणी धरलंय ते दिसत न्हाई. मधी अंतरपाट धरल्यावानी. पलीकडं कोणीतरी—

बा, तू म्हणशील पोरगं भ्यालं. म्हण. हे पैसे त्या पोरीच्या लुगड्याला दे, नवरा कोणीबी असो. तुझ्या कनवटीला लावू नको. मोजून घे, पाठवून राहिलो ते एकोणीस रुपये अन्—