वरचा माणूस हलत नाही

२ फेब्रुवारी
आखातात पोचले एकदाची! अल बर्शात चौथ्या मजल्यावर खोली, खिडकीतून मेट्रो दिसते, खाली यूनुसचाचांचा अफगाणी तंदूर. ताटाएवढा नान! अम्मीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग हर्णैची मासळी कशाला आठवेल तुला.

५ फेब्रुवारी
काम झकास. सॅटेलाइटच्या फोटोंवरून अफगाणिस्तानातल्या एका तालुक्याचा नकाशा करायचा. उघडेबोडके डोंगर, नदीकाठी हिरवी पट्टी, जर्दाळूच्या बागा. आधी रशियन, मग आपसातली लढाई, अमेरिकन, पुन्हा तालिबान, आणि आता दुष्काळ. डोंगरातून गावांकडे टिंबांच्या रांगा येतात. ती करेझची तोंडं. करेझ म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा. साफ करायला तोंडातून दोराने उतरतात. तूतजार नावाच्या गावाची रांग मात्र बुजलेली, आणि गाव ओसाड.

९ फेब्रुवारी
राजन सर, आमचे मॅनेजर, म्हणाले, तूतजार डिलीट कर, क्लायंटला खाणीसाठी रिकामी जमीन हवीय, खलास. मी म्हटलं, गाव आहे ते. म्हणे, माणसं कुठायत?

यूनुसचाचांना सहज विचारलं, तर हातातला नान तंदुरात पडला. त्यांचंच गाव! लढाईत माणसं करेझमध्ये लपली, त्यांचा भाऊही. सैनिकांनी तोंडं बुजवली. खालून कुदळीचे ठोके येत राहिले. खालच्याने ठोकलं की वरच्याने ठोकून उत्तर द्यायचं, ही तिथली रीत. पण वर बंदुका होत्या. कोणी उत्तर दिलं नाही. चाचा म्हणाले, ते अजून खोदताहेत, बेटी.

मला संताप आला. आमच्याकडे विहिरीचा गाळ काढायला कोणी उतरलं, तर दोर धरलेला माणूस जेवायलाही हलत नाही.

१२ फेब्रुवारी
मी डिलीट केलं नाही. सरांनी स्वतः केलं. सकाळी गाव पुन्हा जागेवर, रांगेत नवी टिंबं. सर माझ्यावरच उखडले, व्हिसा कॅन्सल करीन म्हणाले. म्हटलं, करा.

१६ फेब्रुवारी
रांग तालुक्याबाहेर पडलीय. सर पुसतात, ती पुढे सरकते. आज टिंबं समुद्रावर. समुद्रावर! चाचा म्हणतात, ज्याने तोंड बुजवलं नाही, त्याच्याकडे ते येतात.

१८ फेब्रुवारी
शेवटचं टिंब अल बर्शात. दुपारी फरशीखालून ठोके. खालच्या फ्लॅटला कुलूप. चाचांनी हात जोडले, उत्तर देऊ नकोस म्हणाले. दिलंस तर शेवटचा वर येईपर्यंत दोर सोडता येत नाही. सुटला तर वरचाही खाली जातो.

१९ फेब्रुवारी
घाबरलेय. फरशी ओली, ओल्या मातीचा वास. ते ठोकतात, थांबतात. वाट बघतात. पुन्हा—

सरांचा मेसेज: उद्या दुपारी अख्खी फाइल उडवतोय.

२० फेब्रुवारी
उत्तर दिलं. पळीने, तीन ठोके.

फरशी खचली. खाली फ्लॅट नाही. काळोख. बाल्कनीतली कपड्यांची दोरी आत सोडली, दुसरं टोक कमरेला—

ओढ बसली.

चाचा दारात. भावाला हाका मारताहेत. खालून ओ आली—

सर पुसायला लागलेत. कळतंय. टिंब पुसलं की दोरी जड होतेय, कंबर सोलतेय, मी फरफटत कडेपर्यंत—

पुसा, सर. किती पुसाल.

गार हात. मातीने भरलेला. माझ्या मनगटावर. एक वर आला. चाचा, त्याला घ्या, मला नका धरू, खाली अजून आहेत—

यल्ला, चढा. मी हलत नाही. मी इथंच—